ट्विटरला पर्याय शोधताना: मॅस्टोडॉन, ब्लूस्काय आणि नॉस्टरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१९च्या नोव्हेंबरपासून मी या विकेंद्रित जागांवर लिहितो आहे. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर डेक्कन क्वीनमध्ये शेजारच्या सीटवरूनही तेच ते प्रश्न आले. दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. मी यातल्या कुठल्याही कंपनीचा माणूस नाही. मतं माझी आहेत आणि ती लपवलेली नाहीत.

‘विकेंद्रित’ म्हणजे नेमकं काय?

ईमेल आठवा. तुमचा पत्ता जीमेलचा, काकांचा अजून रेडिफचा, बँकेचा तिसराच. तरी पत्र सगळीकडे पोचतं, कारण ईमेल पाठवण्याचे नियम कुणा एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. ट्विटर, म्हणजे आताचं एक्स, तसं नाही. तिथे पत्ता, पोस्टी, फॉलोअर आणि नियम हे सगळं एकाच मालकाच्या कुलपात असतं. मालक बदलला की नियम बदलतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर घेतलं तेव्हा ते जगाने पाहिलं.

आपल्याकडचं उदाहरण ‘कू’चं. बंगळुरूचं हे ॲप २०२० मध्ये आलं. भारतीय भाषांत लिहा हाच त्याचा सगळा भर होता आणि मराठीतही लोक तिथे लिहीत होते. जुलै २०२४ मध्ये ते बंद झालं. कंपनी बंद, की गाव बंद. तिथे जमवलेले वाचक सोबत नेण्याची सोयच नव्हती. विकेंद्रित जागांचा सगळा खटाटोप ही वेळ येऊ नये यासाठी आहे. कुणाला तो किती जमला, हे खाली बघू.

या तिघांत मुख्य फरक काय?

मॅस्टोडॉन २०१६ मध्ये ओयगेन रोख्को या जर्मनीतल्या तरुण प्रोग्रामरने आणलं. ती एक साइट नाही, हजारो स्वतंत्र सर्व्हर आहेत. प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे, पण सगळे एकमेकांशी ॲक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलने, म्हणजे ठरवून घेतलेल्या सामाईक नियमांनी, बोलतात. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने जानेवारी २०१८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. फोटोंचं पिक्सेलफेड, व्हिडिओंचं पीअरट्यूब, चर्चांचं लेमी हे सगळे त्याच प्रोटोकॉलचे. या अख्ख्या गोतावळ्याला फेडिव्हर्स म्हणतात. सर्व्हर म्हणजे हाउसिंग सोसायटी समजा. सेक्रेटरी चांगला असला तर पाणी वेळेवर येतं.

ब्लूस्कायचा जन्म ट्विटरच्याच घरात झाला. जॅक डॉर्सी यांनी डिसेंबर २०१९ मध्ये प्रकल्प जाहीर केला, २०२१ मध्ये जे ग्रेबर यांच्या हाताखाली त्याची वेगळी कंपनी झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निमंत्रणाशिवाय दार उघडलं. इथे रचनाच वेगळी आहे. तुमच्या पोस्टी एका डेटा सर्व्हरवर राहतात, सगळ्यांच्या पोस्टी गोळा करणारा रिले वेगळा, आणि तुम्ही उघडता ते ॲप तिसरंच. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या लोकांनी चालवल्या तरी चालतात. प्रत्यक्षात मात्र बहुतेकांची खाती कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत. दार उघडं आहे, पण बाहेर पडलेले थोडे.

नॉस्टरमध्ये खातंच नाही. ॲप तुम्हाला दोन किल्ल्या बनवून देतं, एक जाहीर आणि एक गुप्त. गुप्त किल्लीने सही केलेली पोस्ट तुम्ही एक किंवा अनेक रिलेंवर (इथे रिले म्हणजे पोस्टी ठेवून घेणारे आणि पुढे देणारे साधे सर्व्हर) टाकता, आणि वाचणारा त्या जाहीर किल्लीवरून ओळखतो की ही तुमचीच. २०२० मध्ये फिआटजाफ या टोपणनावाच्या माणसाने हे सुरू केलं. डेमस, ॲमेथिस्ट, प्रायमल ही त्याची ॲप.

फीचरांचे तक्ते खूप फिरतात. मी एकच प्रश्न विचारतो: किल्ली कुणाकडे? मॅस्टोडॉनमध्ये सर्व्हरचालकाकडे. ब्लूस्कायमध्ये कंपनीकडे, पण तुमची स्वतःची जादा किल्लीही जोडता येते. नॉस्टरमध्ये फक्त तुमच्याकडे, आणि हरवली तर कुणाकडेच नाही. बाकीचे बरेच फरक यातूनच निघतात.

मॅस्टोडॉनवर सर्व्हर कोणता निवडू? इथेच मी अडकतो.

सगळेच अडकतात. २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं आणि त्या नोव्हेंबरात भारतातून मॅस्टोडॉनकडे पहिली मोठी लाट गेली. मी त्याच लाटेतला. सर्व्हर डोळे झाकून निवडला, नाव छान वाटलं एवढंच कारण. तो एक हौशी माणूस एकट्याने चालवत होता. दोन वर्षांनी एका सोमवारी पान उघडेना. सूचना नाही, निरोप नाही. आजीच्या गोड्या मसाल्याचं प्रमाण मी तिथे सात पोस्टींत लिहिलं होतं. धणे किती, दगडफूल किती, तीळ कधी घालायचे. मावसबहिणीने स्क्रीनशॉट काढून ठेवला होता म्हणून वाचलं, तेही सहाव्या पोस्टीपर्यंतच.

म्हणून आता सांगतो: नाव बघू नका, माणसं बघा. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येण्यासाठी सर्व्हरला काही वचनं पाळावी लागतात. रोजचा बॅकअप, अडीअडचणीला एकाहून जास्त माणसांकडे ताबा, आणि बंद करायचा असेल तर किमान तीन महिने आधी सूचना. त्या यादीतला निवडा. ‘आमच्याबद्दल’ पानावर चालवणारा कोण, पैसे कुठून येतात, हे लिहिलेलं असेल तर उत्तम. अजिबात डोकं चालवायचं नसेल तर मॅस्टोडॉन डॉट सोशल हा मूळ संस्थेचाच सर्व्हर आहे. सगळ्यात मोठाही तोच, त्यामुळे विकेंद्रीकरणवाले नाक मुरडतील. मुरडू द्या.

डोमेनही बघा. क्वीअर डॉट एएफ नावाचा सर्व्हर होता. ‘एएफ’ हे अफगाणिस्तानचं डोमेन. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबानच्या अखत्यारीतल्या यंत्रणेने ते काढून घेतलं आणि सर्व्हर गेला.

उद्या मन बदललं तर खातं हलवता येतं का?

मोबाइल नंबर पोर्ट करतो तसं? ब्लूस्काय त्याच्या बऱ्यापैकी जवळ जातं. तिथे प्रत्येक खात्याला एक कायमचा ओळख क्रमांक असतो, आणि हँडल, म्हणजे ॲट चिन्हापुढचं नाव, ही त्यावर लावलेली नुसती पाटी. सातबाऱ्यावर गट नंबर तोच राहतो, मालकाचं नाव बदलतं, तसंच काहीसं. दुसऱ्या डेटा सर्व्हरवर गेलात तरी पोस्टी, फॉलोअर, लाइक सगळं बरोबर येतं. रिकव्हरी किल्ली आणि पोस्टींचा बॅकअप तुमच्याकडे असेल तर जुन्या सर्व्हरने असहकार केला तरी हलता येतं. अडचण अशी की ही किल्ली आपण होऊन घ्यावी लागते आणि ते काम सामान्य माणसाला अवघड वाटतं. शिवाय हे क्रमांक ज्या नोंदवहीत बसतात ती ब्लूस्काय कंपनीनेच उभारलेली.

मॅस्टोडॉनमध्ये फॉलोअर हलतात, पोस्टी हलत नाहीत. जुन्या खात्यावर ‘हे इथे गेले’ अशी पाटी लागते आणि फॉलोअर आपोआप नव्या पत्त्यावर येतात. पुन्हा हलायचं तर ३० दिवस थांबावं लागतं. आणि यातली मेख: ही क्रिया जुन्या सर्व्हरवरून सुरू होते. तोच मेला असेल तर काही करता येत नाही. माझं तेच झालं. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घेता येते. ती दर दोन-तीन महिन्यांनी उतरवा. दोन मिनिटांचं काम आहे, वीजबिल भरताना उरकून टाका.

नॉस्टरमध्ये हलवण्याचा प्रश्नच येत नाही. ॲप बदला, रिले बदला, किल्ली तीच. पण ती गुप्त किल्ली ६३ अक्षरांची असते आणि ‘पासवर्ड विसरलात?’ हे बटण तिथे नसतं. ती चोरीला गेली तर जगाच्या लेखी चोरही ‘तुम्ही’च.

मराठीत लिहिताना अक्षरमर्यादा कशी लागते?

हा माझा आवडता प्रश्न, कारण इंग्रजी तक्त्यांत याचं उत्तर नसतं. कागदावर एक्सच्या साध्या खात्याला २८०, ब्लूस्कायला ३००, मॅस्टोडॉनला ५००. (मॅस्टोडॉनचा आकडा सर्व्हरचालक बदलू शकतो. त्याच फेडिव्हर्समधल्या मिस्की या जपानी सॉफ्टवेअरमध्ये तर ३००० आहे.) पण मोजतात काय, ते बघा.

‘महाराष्ट्र’ हा शब्द घ्या. आपल्या डोळ्याला चार अक्षरं: म, हा, रा, ष्ट्र. संगणकात मात्र काना वेगळा साठतो, हलन्त वेगळा. म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. झाले दहा. एक्स दहा मोजतं. म्हणजे काना-मात्रेचे पैसे वेगळे! ब्लूस्काय आणि मॅस्टोडॉन डोळ्याला दिसणारं अक्षर मोजतात. तिथे ‘हा’ एकच. जोडाक्षराबाबत युनिकोडचा (संगणकात लिप्या साठवण्याच्या मानकाचा) जुना नियम लावला असेल तर ‘ष्ट्र’चे तीन धरतात आणि एकूण सहा होतात, नवा नियम असेल तर एक धरून चार. दोन्ही परिस्थितीत आपला फायदाच. ब्लूस्कायचे ३०० हे एक्सच्या २८० पेक्षा वीसनेच जास्त दिसतात, पण मराठीत तिथे परिच्छेदभर जास्त मजकूर बसतो. ज्यांना ‘पण’ आणि ‘परंतु’ यांत नाइलाजाने ‘पण’ निवडावा लागतो, त्यांना याचं मोल कळेल.

मॅस्टोडॉनवर लिंक कितीही लांब असली तरी २३ अक्षरंच धरतात.

हँडल देवनागरीत ठेवता येतं का?

नाही. दिसणारं नाव खुशाल मराठीत ठेवा, पण हँडलला रोमन लिपीच लागते. देवनागरी डोमेन ब्लूस्कायला जोडलं तर ते रोमन अक्षरांच्या विचित्र खिचडीत उमटतं.

निळी टिक मिळते का?

ब्लूस्कायवर तुमच्या मालकीचं डोमेन असेल तर तेच हँडल करता येतं. डोमेनच्या सेटिंगमध्ये एक ओळ घातली की झालं. वृत्तपत्राचा पत्रकार त्या वृत्तपत्राच्या डोमेनवरून लिहितो म्हटल्यावर वेगळी टिक कशाला? तरी लोकांना टिक हवीच असते, म्हणून एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी तीही आणली. मॅस्टोडॉनवर स्वतःच्या वेबसाइटवर प्रोफाइलची एक खास लिंक ठेवली की प्रोफाइलमध्ये त्या साइटचा पत्ता हिरवा होतो. दोन्हीला पैसे लागत नाहीत.

मराठी माणसं कुठे सापडतील?

खरं सांगू? एक्सवर आणि फेसबुकवर. नव्या जागांवर मराठी गर्दी नाही, आणि जे आहेत ते विखुरलेले आहेत. मी त्यांना शोधतो कसा, ते सांगतो. मॅस्टोडॉनवर माणसाप्रमाणे हॅशटॅगही फॉलो करता येतो, त्यामुळे #मराठी फॉलो करा. ब्लूस्कायवर फीड, म्हणजे निवडक पोस्टींची टाइमलाइन, कुणीही बनवू शकतो आणि ‘स्टार्टर पॅक’ म्हणजे एका विषयाच्या लोकांची तयार यादी कुणीही बनवू शकतो. पाच-पन्नास मराठी लोक जमले की त्यांची यादी करून ठेवा, मागून येणाऱ्याचे श्रम वाचतात.

आणि एक चूक सगळे करतात. दोन्हीकडे पोस्टीला भाषेचं लेबल असतं. ते इंग्रजीवर तसंच राहून जातं आणि आपण वर मराठीत लिहीत सुटतो. मग ज्याने ‘मला फक्त मराठी दाखव’ असं सेटिंग केलंय, त्यालाच आपण दिसत नाही! पोस्टीच्या चौकटीखाली भाषेचं बटण आहे, तिथे मराठी निवडा.

अल्गोरिदम आहे की नाही?

मॅस्टोडॉनवर होम टाइमलाइन सरळ वेळेनुसार चालते. ज्यांना फॉलो केलं तेच दिसतात, नवं वर, जुनं खाली. पहिल्या दिवशी हे पान ओसाड दिसतं आणि बरेच लोक तिथेच परत फिरतात. चाळीस-पन्नास जणांना फॉलो करेपर्यंत दम धरा. ब्लूस्कायवर कंपनीचा ‘डिस्कव्हर’ फीड आहे, शिवाय लोकांनी बनवलेले हजारो. मला पक्ष्यांच्या फोटोंचा फीड लागतो, त्यात राजकारण शून्य. नॉस्टरवर ज्या ॲपने पाहाल तसं चित्र.

एडिट, कोट, सर्च?

एडिट मॅस्टोडॉनवर २०२२ पासून आहे आणि आधीची प्रत इतिहासात दिसते. ब्लूस्काय आलं तेव्हा ही सोय नव्हती. तिथे चूक दिसली की पोस्ट काढून नवी टाकायची सवय लागलेली आहे. कोट करणं, म्हणजे दुसऱ्याची पोस्ट आपल्या शेऱ्यासह पुढे टाकणं, ब्लूस्कायवर पहिल्यापासून. मॅस्टोडॉनने ‘कोट करून लोक एकमेकांना झोडपतात’ म्हणून ते अनेक वर्षं नाकारलं, आणि अखेर २०२५च्या नोव्हेंबरात ४.५ आवृत्तीत दिलं. त्यातही आपल्याला कोण कोट करू शकेल ते आपण ठरवायचं. मला ही पद्धत पटते. सर्च ब्लूस्कायवर पूर्ण आहे, मॅस्टोडॉनवर मात्र ज्यांनी परवानगी दिली त्यांच्याच पोस्टी सापडतात.

मॅस्टोडॉनवर लाइकचा आकडा इतका कमी का दिसतो?

कारण दुसऱ्या सर्व्हरवरचे सगळे लाइक आणि उत्तरं तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचलेली नसतात. मूळ पोस्ट जिथली आहे तिथे जाऊन पाहिली की आकडा वाढतो. उत्तरांच्या बाबतीत ४.५ मध्ये सुधारणा झाली आहे.

खासगी मेसेज सुरक्षित असतात का?

व्हॉट्सॲपसारखे नाहीत. मॅस्टोडॉनवरचा खासगी निरोप सर्व्हरचालकाला तांत्रिकदृष्ट्या वाचता येतो. ब्लूस्कायने मे २०२४ मध्ये मेसेज आणले, तेही टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नव्हते. नॉस्टरच्या जुन्या पद्धतीत मजकूर बंद असतो, पण कोण कुणाला लिहितंय ते उघड दिसतं.

मॅस्टोडॉनवर आणखी एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलो. एका दिवाळी अंकाचं मानधन रखडलं होतं. मित्राला खासगीत कुरकुर लिहिताना मी संपादकांचं हँडल ॲट चिन्हासकट टाकलं. तिथला नियम असा की निरोपात ज्याचं हँडल, त्याला निरोप. संपादकांचं उत्तर पाच मिनिटांत आलं: ‘चेक सोमवारी निघतोय.’ निघाला, पण पुढच्या वर्षी लेख मागितला नाही.

ब्लूस्कायवर तुम्ही कुणाला ब्लॉक केलं हे उघड असतं, हेही लक्षात असू द्या. ॲप दाखवत नाही, पण बाहेरची साधनं दाखवतात.

शिवीगाळ करणाऱ्यांना कोण आवरतं?

मॅस्टोडॉनवर तुमचा सर्व्हरचालक. तो एखाद्या माणसालाच नव्हे, अख्ख्या सर्व्हरला बंदी घालू शकतो. २०१९ मध्ये गॅब ही अमेरिकी साइट मॅस्टोडॉनचं सॉफ्टवेअर घेऊन आत आली. द्वेषाच्या मजकुरासाठी तिची ख्याती होती. तिला बाहेर काढायला कुठली केंद्रीय सत्ता नव्हती, पण एकेका सर्व्हरने दार लावलं आणि ती एकटी पडली. वाळीत टाकण्याचा हा प्रकार बहुतेक वेळा उपयोगी पडतो. कधी दोन चालकांच्या भांडणात निरपराध सदस्यांचे संपर्क तुटतात, तेव्हा मात्र फार चिडचिड होते.

ब्लूस्कायवर कंपनीची देखरेख आहे, आणि वर पोस्टींना व खात्यांना इशाऱ्याची लेबलं लावणारी सेवा कुणीही चालवू शकतो. तुम्हाला पटते ती लावा. याचा एक अनपेक्षित परिणाम एप्रिल २०२५ मध्ये दिसला. तुर्कस्तान सरकारच्या मागणीवरून काही खाती तिथल्या वाचकांसाठी झाकली गेली, पण ती अधिकृत ॲपमध्ये. त्याच नेटवर्कची दुसरी ॲप वापरणाऱ्यांना ती दिसत राहिली.

नॉस्टरवर आवरणारा नाही. तुम्ही म्यूट करायचं. एवढ्या कारणासाठी मी ते घरच्यांना सुचवत नाही.

थ्रेड्सही यातच येतं ना?

अर्धवट. मेटाचं थ्रेड्स जुलै २०२३ मध्ये आलं. पुढच्या वर्षी सार्वजनिक खात्यांना आपल्या पोस्टी फेडिव्हर्सकडे पाठवण्याची सोय मिळाली, तीही सेटिंगमध्ये जाऊन सुरू केली तरच. पण खातं मेटाचं, किल्ली मेटाची. काही मॅस्टोडॉन सर्व्हरांनी थ्रेड्सला आधीच दार लावलं आहे.

मॅस्टोडॉनवरून ब्लूस्कायवरच्या माणसाशी बोलता येतं का?

थेट नाही, प्रोटोकॉल वेगळे. मध्ये ‘ब्रिजी फेड’ नावाचा पूल आहे. दोन्ही बाजूंनी त्याच्या खात्याला फॉलो केलं की पोस्टी पलीकडे दिसतात, उत्तरंही येतात. दोघांनीही होकार द्यायला हवा, ही त्यातली गोम. मी ब्लूस्कायवरच्या नागपूरच्या मैत्रिणीशी असाच बोलतो. तिला वाटतं मी तिथेच आहे.

पैसे कोण देतं? पुढे जाहिराती येतील का?

मॅस्टोडॉन देणग्यांवर चालतं, आणि तुमचा सर्व्हर बहुधा चालकाच्या खिशातून. महिन्याला चहाच्या दोन कपांचे पैसे तरी पाठवा. ब्लूस्कायमध्ये गुंतवणूकदारांचे पैसे आहेत, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी दीड कोटी डॉलर उभे केले. गुंतवणूकदार कधीतरी परतावा मागतोच, त्यामुळे तिथे माझी एक भुवई वर असते. नॉस्टरवर लोक एकमेकांना बिटकॉइनमध्ये ‘झॅप’ करतात, म्हणजे छोटी बक्षिसी देतात. भारतात अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, तेव्हा झॅप जमवायचे तर सीएला सांगून.

स्वतःचा सर्व्हर चालवू का?

एकट्यापुरता असेल तर गोटूसोशलसारखं हलकं सॉफ्टवेअर छोट्या मशीनवर चालतं. मी चालवलं आहे. डिस्क मात्र भरते, कारण इतरांच्या पोस्टींमधले फोटोही तुमच्याकडे साठतात. ते ठरावीक दिवसांनी पुसण्याचं सेटिंग पहिल्याच दिवशी करा. माझी डिस्क गणपतीच्या दुसऱ्या दिवशी भरली, जगभरचे मोदक तिच्यात होते. दुसऱ्यांना खाती देणार असाल तर गोष्ट वेगळी. भारताच्या २०२१च्या आयटी नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करण्याचं बंधन छोट्यांनाही आहे. ५० लाख सदस्यांच्या वर गेल्यावर लागणारे जादा नियम तुम्हाला नाहीत, ती काळजी सोडा.

एक्सवरच्या जुन्या पोस्टी आणता येतात का?

आधी सेटिंगमध्ये जाऊन संग्रहाची मागणी करा. झिप फाइल तयार व्हायला एखादा दिवस लागू शकतो. ती जपून ठेवा, मग पुढचं ठरवा. मॅस्टोडॉनमध्ये जुन्या पोस्टी आत घेण्याची अधिकृत सोय नाही. ब्लूस्कायसाठी लोकांनी बनवलेली साधनं आहेत, ती जुन्या तारखेसह पोस्टी चढवतात आणि ब्लूस्काय त्यावर ‘ही नंतर टाकलेली’ अशी खूण दाखवतं. उत्तरादाखल लिहिलेल्या पोस्टी सोडून द्या, समोरचा माणूस तिथे नसला की त्या अर्ध्या फोनकॉलसारख्या वाटतात. मी ११ वर्षांतल्या ४० पोस्टी निवडल्या आणि हातानेच चढवल्या. गोडा मसाला नव्याने लिहिला. सातवी पोस्ट आईला विचारून.